पावणेतीन मिलिमीटरच्या अलीकडे आणि पलीकडे

बोटाएवढा एक मावळा घ्या. दिवाळीच्या आधी दादरच्या फुटपाथवर, लालबागच्या बाजारात, गिरगावात नाक्यानाक्यावर किल्ल्यासाठी मांडलेले असतात, त्यांतलाच. डोक्याला मुंडासं, हातात ढाल-तलवार, अंगरखा, कमरेला शेला. रंग मात्र सपाट. चेहरा एका गव्हाळ रंगाचा, अंगरखा एका पांढऱ्याचा, शेला एका तांबड्याचा. आता भरपूर पातळ केलेला तपकिरी रंग ब्रशवर घेऊन त्याच्या अंगावर मोकळा सोडा. पहिल्या क्षणी सगळाच मावळा चिखलात पडल्यासारखा दिसतो. मग तो रंग हलायला लागतो. नाकाच्या शेंड्यावरून, गुडघ्यावरून, मुंडाशाच्या उंच पिळांवरून मागे सरतो आणि पिळांमधल्या फटींत, बोटांच्या मध्ये, शेल्याच्या चुण्यांत, मिशीखाली जाऊन थांबतो. वाळेपर्यंत अंगरख्याला घड्या पडलेल्या असतात, मुठीची बोटं सुटी झालेली असतात, डोळ्यांना खोबणी मिळालेली असते. ब्रश धरणाऱ्याने यातलं काहीही रेखलेलं नसतं. सावली कुठे पडायला हवी हे त्या गढूळ पाण्याला कळलं कसं?

या पातळ रंगाला वॉश म्हणतात. जलरंगात काम करणाऱ्यांना हा शब्द ओळखीचा आहे, पण त्यांचा वॉश कागदावर सपाट पसरतो. छोट्या पुतळ्यांवरचा वॉश पसरायला नकार देतो आणि त्यातच त्याची सगळी गंमत आहे. टेबलावर छोट्या सैनिकांच्या लढाया लढण्याचा छंद जुना आहे. एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ साली अशा लढायांच्या नियमांचं ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तकच काढलं होतं. पुढे १९७५ मध्ये इंग्लंडात गेम्स वर्कशॉप ही कंपनी निघाली, १९८३ मध्ये तिचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला आणि खेळण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, ते पुतळे रंगवण्याचं वेड जगभर पसरलं. तयार वॉशच्या बाटल्या ही त्या वेडाची देणगी. त्यांतली ‘नल्न ऑइल’ नावाची काळी आणि ‘ॲग्रॅक्स अर्थशेड’ नावाची तपकिरी बाटली या मंडळींमध्ये इतकी लाडकी की त्यांना विनोदाने बाटलीत भरलेलं कसब म्हणतात. नावात ऑइल असलं तरी नल्न ऑइलमध्ये तेल नाही, ते पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक आहे. नावं ठेवणाऱ्यांची हौस, दुसरं काय.

आधी एक शंका मिटवायला हवी. सावली रंगवायची गरजच काय? पुतळा घन आहे, त्याला खऱ्या चुण्या आहेत, त्यांत खरी सावली पडणारच. छोट्या वस्तूंवर सावली छोटी पडते म्हणून ती रंगवावी लागते असं पुष्कळांना वाटतं. ते बरोबर नाही. भूमितीच्या दृष्टीने पुतळा साठपट लहान केला तर सावलीही साठपट लहान होते आणि प्रमाण तेच राहतं. सूर्याला त्याचं काही सोयरसुतक नसतं. गोम दुसरीकडे आहे.

एक गोम डोळ्यांत आहे. या छंदातले पुतळे साधारण २८ मिलिमीटर उंचीचे असतात, म्हणजे माणसाच्या सुमारे एक साठांश. असा पुतळा फूटभर अंतरावर, समजा ३० सेंटिमीटरवर धरला, तर डोळ्याच्या लेखी तो १८ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाएवढा असतो. बाहीवरची पाच-सहा मिलिमीटरची चुणी या मापात एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी होते आणि चांगल्या डोळ्याची त्या अंतरावरची धाव जवळपास तिथेच संपते. पण मनाला हे अंतर मान्य नसतं. पुतळा हातात आहे, म्हणजे तो जवळ आहे, म्हणजे त्याच्या बाहीच्या चुण्या दिसायलाच हव्यात, असा त्याचा हट्ट. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी रंगभूषाकार नटाच्या भुवया आणि गालाखालची सावली वाढवून रेखतो, अगदी तोच हा व्यवहार.

दुसरी गोम रंगातच आहे. पांढऱ्या अंगरख्याच्या घडीत शिरलेला प्रकाश लगेच विरत नाही. तो एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर उडत राहतो आणि घडीचा तळही उजळवतो. त्यातून प्लास्टिक, राळ, मेण अशा पदार्थांत प्रकाश थोडा आतही शिरतो आणि भलत्याच ठिकाणाहून बाहेर पडतो. खऱ्या माणसाच्या मापात हे ‘थोडं’ नगण्य असतं, पण अर्ध्या मिलिमीटरच्या नाकाला तेवढं पुरतं. नाक आतूनच उजळतं आणि सपाट दिसतं. वॉश घडीच्या तळाशी जाऊन बसला की या उड्या मारणाऱ्या प्रकाशाला तिथेच गिळतो. म्हणजे तो सावलीचं नुसतं चित्र काढत नाही, खरी सावली पडायला जागा करून देतो. मला या सगळ्या प्रकारातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

आता मूळ प्रश्न. पाणी खाली वाहतं, म्हणून रंग खाचेत जातो, असं उत्तर पटकन सुचतं. ते तपासायला मावळ्याला उलटा करावा. मुंडासं खाली, पाय वर. वॉश तरीही चुण्यांतच जातो! हनुवटीच्या खाली, काखेत, ढालीच्या मागच्या बाजूला, जिथे त्याला चढून जावं लागतं तिथेही जातो. गुरुत्वाकर्षणाचं या उंचीवर फारसं चालत नाही.

चालतं ते पृष्ठताणाचं. द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो आणि आकसायला बघतो. उंचवट्यावर तो बाहेर फुगलेला असतो, त्यामुळे आतल्या द्रवावर दाब वाढतो. खाचेत तो आत वळलेला असतो, तिथे दाब घटतो. द्रव जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाणार. म्हणून गुडघ्यावरचा रंग शेजारच्या चुणीत ओढला जातो, मग ती चुणी वर असो की खाली. खाच जितकी अरुंद, तितकी वक्रता जास्त आणि ओढ जास्त. सावली जिथे सर्वांत गडद हवी तिथेच रंग सर्वांत जास्त जमतो, हा योगायोग दोन शास्त्रांच्या सीमेवर घडतो. प्रकाश अरुंद फटीत शिरत नाही तो एका कारणाने, आणि पाणी अरुंद फटीत शिरतं ते सर्वस्वी दुसऱ्या कारणाने. दोघांची ओळखदेखील नाही, पण दोघांचा नकाशा एकच निघतो.

ताण आणि गुरुत्वाकर्षण यांच्यातली सरहद्द मोजता येते. साध्या पाण्यासाठी ती २.७ मिलिमीटर आहे, म्हणजे जवळजवळ पावणेतीन. पृष्ठताणाला घनता आणि गुरुत्वीय त्वरण यांच्या गुणाकाराने भागून वर्गमूळ काढलं की हा आकडा येतो. शाळेच्या प्रयोगवहीत मावेल एवढंच गणित. याच्या अलीकडे, म्हणजे याहून लहान आकारांत, ताणाचं राज्य. पलीकडे वजनाचं. पानावरचा दवाचा थेंब गोल राहतो आणि बादलीतलं पाणी सपाट होतं, ते या सरहद्दीमुळे. बोटाएवढ्या मावळ्याच्या सगळ्या चुण्या, खाचा, बोटं, मिशा या सरहद्दीच्या अलीकडे आहेत.

आणि लालबाग पलीकडे आहे. गणेश गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाची स्थापना १९२८ सालची, तिथून हाकेच्या अंतरावरचा लालबागचा राजा १९३४ सालचा. गणेश गल्लीत १९७७ साली दीनानाथ वेलिंग यांनी २२ फुटी मूर्ती घडवली आणि उंच मूर्तींची परंपरा सुरू झाली. परळचे विजय खातू हे भव्य मूर्तींसाठीच ओळखले जात, २०१७ मध्ये ते गेले. या कारखान्यांमध्ये आषाढ-श्रावणात डोकावलं तर साचे, काथ्या, प्लास्टर, पॉलिश पेपरची घासघूस, मग पांढरा प्रायमर, मग अंगाचा रंग असा क्रम चालू दिसतो. पावसात मूर्ती वाळेना म्हणून हॅलोजनचे दिवे लावलेले. पण छटा द्यायची वेळ आली की इथे कोणी पातळ रंगाची बादली मूर्तीवर ओतत नाही. कॉम्प्रेसर घरघरतो आणि स्प्रे गन हातात येते.

हे कारागिरांच्या आवडीनिवडीपुरतं नाही. बावीस फुटी मूर्तीच्या पितांबराची चुणी वीतभर रुंद असते. तिच्यात पातळ रंग सोडला तर तो पाण्याचा नियम पाळेल आणि थेट पाटापर्यंत ओघळेल. चुणीच्या बाजूंना धरून ठेवायला ताणाची ताकद पुरणार नाही. म्हणून रंगाचे केसाच्या जाडीच्या आसपासचे थेंब करायचे. एवढा थेंब मूर्तीला टेकला की तिथेच चिकटतो आणि ओघळायला लागण्याआधी वाळतो. कारागीर मूर्तीला रंगात बुडवण्याऐवजी रंगालाच पावणेतीन मिलिमीटरच्या कितीतरी अलीकडे आणून ठेवतो. सरहद्द तीच, ओलांडण्याची दिशा उलट. सोंडेच्या वळ्या, कानाची पाळी, पोटावरची घडी, बोटांची पेरं इथे मऊ फवारा जातो, हळूहळू गडद होत जाणारा. इथे सावली कुठे पडेल हे पाण्याला ठरवता येत नाही, ते हाताला आणि डोळ्याला ठरवावं लागतं. मूर्तिकाराच्या कसबाबद्दलचा माझा आदर हे गणित कळल्यावर वाढला. छोट्या पुतळ्यावर निसर्ग अर्धं काम फुकट करून देतो, मोठ्या मूर्तीवर छदामाचीही मदत करत नाही.

वजनाच्या राज्यात पाणी काय करतं ते बघायला गिरगावच्या कुठल्याही जुन्या चाळीसमोर चार पावसाळे झाल्यावर उभं राहावं. खिडकीच्या कोपऱ्यांखाली, गॅलरीच्या टोकांखाली, पाइपाच्या सांध्यांखाली काळे ओघळ उतरलेले. धूळ आणि काजळी पावसाने धुतली आणि वाटेत सोडत सोडत नेली. या ओघळांची नक्कल हा मॉडेल बनवणाऱ्यांचा आणखी एक नाद आहे. रेल्वेच्या डब्याचं किंवा रणगाड्याचं छोटं मॉडेल केलं की त्याच्यावर गंजाचे आणि पावसाचे ओघळ हवेत. पण तिथे पाणी ओघळतच नाही, खिळ्यांच्या डोक्यांभोवती गोल करून बसतं. मग ते ओघळ केसाएवढ्या ब्रशने एकेक रेखावे लागतात. चाळीवर जे काम आषाढ फुकट करतो ते मॉडेलवर हाताने, आणि मूर्तीवर जे हाताने ते मावळ्यावर फुकट.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात या दृष्टीने एक चक्कर मारण्यासारखी आहे. राणीच्या बागेच्या दाराशी असलेलं हे संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं, तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. आजचं नाव १९७५ सालचं. तिथे मुंबईतल्या नाना जमातींच्या आणि धंद्यांच्या माणसांचे रंगवलेले छोटे मातीचे पुतळे आहेत. लोक पोशाख बघतात आणि पुढे जातात. मी म्हणेन, चुण्या बघा. चुणीच्या तळाशी रंग आपोआप जमला आहे की हाताने लावला आहे, गालाखालची छटा कडेने विरते की रेघेसारखी तुटते, याकडे नजर गेली की प्रत्येक कपाटापुढे वेळ कसा जातो कळत नाही.

आता बाटल्यांकडे. वॉश म्हणजे रंगाचे कण, त्यांना धरून ठेवणारा बंध आणि पाणी किंवा टर्पेंटाइनसारखा वाहक. तिघांपैकी एक बदलला की स्वभाव बदलतो.

सर्वांत स्वस्त म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांपासून घरोघरी पडून असलेला पोस्टर कलर. पाण्यात पातळ करून मावळ्यावर सोडला की पहिली निराशा होते. तो खाचेत जायच्याऐवजी थेंब थेंब होऊन बसतो. कारण गणितात सापडतं. पॉल कॉन्कस आणि रॉबर्ट फिन या दोघांनी १९६९ मध्ये दाखवलं की कोपऱ्यात द्रव आपण होऊन शिरेल की नाही हे दोन कोनांच्या बेरजेवर ठरतं. कोपऱ्याचा अर्धा कोन आणि द्रव पृष्ठभागाला ज्या कोनात टेकतो तो स्पर्शकोन. बेरीज ९० अंशांपेक्षा कमी भरली तर द्रव फटीच्या टोकापर्यंत धावतो, नाहीतर अडतो. काटकोनी खाचेचा अर्धा कोन ४५ अंश, म्हणजे स्पर्शकोन ४५ च्या आत हवा. वाळलेल्या ॲक्रिलिक रंगावर निव्वळ पाण्याचा स्पर्शकोन सहसा याहून मोठा असतो. त्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचा अगदी कणभर थेंब मिसळला की चमत्कार होतो, तेच पाणी सुरसुर करत फटींत पळतं. जास्त साबण घातला तर फेस येतो आणि फुटलेल्या बुडबुड्यांची वर्तुळं अंगरख्यावर कायमची उमटतात. साबणाने पृष्ठताणही घटतो, म्हणून ती सरहद्दही पावणेतीनवरून पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास उतरते. मावळ्याला तेवढी पुरते.

पोस्टर कलरचा खरा दोष वेगळाच. त्याचा बंध डिंकाच्या जातीचा असतो, पुन्हा ओला झाला की सुटतो. वॉशवर दुसरा हात फिरवला की पहिला उठतो. सावली एकदाच देऊन थांबणार असाल तर हरकत नाही.

वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक हा त्यावरचा जुना उपाय. मुंबईला शाईचं नवल नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ साली इथेच ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला सुरुवात केली आणि त्यातूनच कॅम्लिन उभी राहिली. काळ्या ड्रॉइंग इंकमध्ये काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात आणि बंध बहुधा लाखेचा. कण बारीक, म्हणून शाई बाटलीच्या तळाशी लवकर बसत नाही आणि केसाएवढ्या फटीतही शिरते. लाख, म्हणून वाळली की पाण्याला दाद देत नाही. चिलखत, तोफ, तलवारीची मूठ, घोड्याचं खोगीर यांवर पातळ शाई अप्रतिम बसते. चेहऱ्यावर मात्र ती क्रूर आहे. शिवाय वाळल्यावर चकाकते आणि सावली चकाकली की मामला फसला. वर मॅट वार्निशचा हात द्यावाच लागतो.

तयार ॲक्रिलिक वॉशमध्ये हे सगळे हट्ट आधीच मिटवलेले असतात. ताण कमी करणारं द्रव्य, हळू वाळवणारं द्रव्य, मॅटपणा आणणारी पूड, सगळं मोजून घातलेलं. पैसे आपण रंगाचे देत नाही, त्या मोजमापाचे देतो. गेम्स वर्कशॉपने २०२२ मध्ये आपल्या या बाटल्यांची घडण बदलली. नवी रीत उंचवट्यांवर कमी डाग ठेवते आणि कमी चकाकते. जुन्यांचे भक्त अजून हळहळतात. मला नवी आवडते, विशेषतः पांढऱ्या अंगरख्यासाठी, कारण तिथे उंच भागावर राहिलेला मळकटपणा लपत नाही. डेन्मार्कच्या आर्मी पेंटर कंपनीने तर एकेकाळी तपकिरी वार्निशचा डबाच काढला होता. पुतळा चिमट्यात धरून त्यात बुडवायचा आणि जोरात झटकायचा. परिणाम झटपट, पण जिकडेतिकडे सारखाच. आणि झटकलेले शिंतोडे चाळीतल्या एका खोलीच्या घरात कुठे जातील याचा त्या डेन लोकांनी विचार केलेला नव्हता.

या साऱ्यांचा एकच सामाईक शत्रू आहे आणि तो ढालीवर भेटतो. ढाल, पाठ, घोड्याचं पुठ्ठं अशा सपाट जागी खाच नसते, म्हणून वॉश थबकतो आणि वाळताना कडेला गडद रेघ सोडून आत फिका पडतो. टेबलावर सांडलेल्या कॉफीचं कडं असतं, तेच हे. शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचं कोडं सोडवलं. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते आणि तिथलं पाणी सर्वांत वेगाने उडतं. ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि सोबत रंगाचे कण ओढून नेतं. वाळणारा थेंब शांत दिसतो, पण आत सतत बाहेरच्या दिशेने लोट चालू असतो. पुढे २०११ मध्ये पेन्सिल्वेनिया विद्यापीठातल्या एका गटाने आणखी अजब गोष्ट दाखवली. कण गोल असतील तर कडं पडतं, पण तेच कण ताणून लांबट केले तर ते पृष्ठभागावर एकमेकांत अडकून सैल जाळी करतात आणि डाग सारखा वाळतो. रंगाच्या रसायनाइतकाच त्याच्या कणांचा आकारही बोलतो. आपल्या हातात कण घडवणं नाही, तेव्हा ढालीवरचा साठलेला थेंब ओलसर ब्रशच्या टोकाने टिपून घ्यावा, ब्रशचे केस स्वतःच ओढ लावतात. पावसाळ्यात मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असते तेव्हा वॉश संथ वाळतो आणि हे टिपायला भरपूर अवधी मिळतो. पंखा बंद ठेवावा. एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली काम केलं तर कडी पडलीच म्हणून समजा.

शेवटचा आणि माझ्या मते राजा म्हणजे ऑइल कलरचा वॉश, ट्यूबमधला तैलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाच्या रंगाइतका पातळ केलेला. टर्पेंटाइनचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून साबणाची गरज नाही. फटीच्या एका टोकाला ब्रश टेकवला की रंग रेघ ओढत दुसऱ्या टोकापर्यंत आपला आपण जातो, बघत राहावं असं ते दृश्य असतं. आणि तो तासन्‌तास वाळत नाही. त्यामुळे थोड्या वेळाने कापसाच्या काडीने उंचवटे पुसून लख्ख करता येतात, तळातला रंग तसाच राहतो. चांदीचे ऑक्सिडाइज्ड दागिने घडवणारे नेमकं हेच करतात. आधी सगळा दागिना काळा करायचा, मग नुसता वरचा भाग उजळायचा. फक्त खालचा थर ॲक्रिलिकचा आणि पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर टर्पेंटाइन त्यालाही सोबत घेऊन जाईल. खिडकी उघडी हवी हे वेगळं सांगायला नको.

नुसत्या मातीवर यांतला एकही चालत नाही. शाडू किंवा भाजलेल्या मातीत लाखो सूक्ष्म छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्र ही कुठल्याही चुणीपेक्षा अरुंद फट असते. रंग जिथे टेकेल तिथेच शोषला जातो. आधी प्रायमरने छिद्रं बुजवायची. वर चकचकीत वार्निश असेल तर वॉश झरकन खाचेत उतरतो, मॅट असेल तर उंचवट्यांवरही थोडा रेंगाळतो. जुनं, धुळकट रूप हवं असेल तर ते रेंगाळणंही उपयोगी.

रंगाची निवड हा भाग पुस्तकांत घाईने उरकतात, पण चुकतं ते इथेच. सावली काळी असते ही समजूत सोडायला हवी. पिवळ्यावर काळा वॉश दिला की तो शेवाळी हिरवा दिसतो, पितांबराला बुरशी आल्यासारखा. पिवळ्याच्या खाचेत तांबूस तपकिरी हवा. भगव्याच्या खाचेत विटकरी, अंगकांतीवर लालसर तपकिरी, पांढऱ्यावर निळसर राखाडी किंवा अगदी फिका गेरू. काळा फक्त लोखंडाला आणि केसांना. मावळ्यांची अख्खी पलटण एकाच बाटलीत उरकायची असेल तर काळ्याऐवजी तपकिरी उचलावा, तो कुणालाच पूर्ण शोभत नाही पण कुणालाच विद्रूपही करत नाही.

दोन्ही राज्यं एकाच वस्तूवर बघायची असतील तर घरचा किंवा चाळीचा छोटा गणपती घ्यावा. गिरगावात केशवजी नाईक चाळीचा उत्सव १८९३ पासून चालू आहे आणि तिथली मूर्ती आजही छोटी, शाडूचीच असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनंतर प्लास्टरवर आणि रंगांवर वाद आणि खटले झाले, आणि घरी मूर्ती करून रंगवणाऱ्यांसाठी शाडूचे वर्गही गल्लोगल्ली दिसतात. अशा फूट-दीड फुटी मूर्तीचं पोट, मांडी, सोंडेची मोठी वळणं सरहद्दीच्या पलीकडे आहेत. तिथे वॉश टाकला तर ओघळ आणि कडी, दोन्ही पदरी पडतात. तिथे कोरड्या ब्रशने किंवा फवाऱ्यानेच काम करावं. पण मुकुटाची नक्षी, बाजूबंदाचे मणी, हाराच्या पाकळ्या, उंदराच्या मिशा हे सगळं पावणेतीन मिलिमीटरच्या आत आहे. विसर्जनाची मूर्ती असेल तर तैलरंग आणि लाखेची शाई दोन्ही बाजूला ठेवावीत आणि गेरूचं पाणी वापरावं. गेरूचे कण जड आणि भरड असतात, कण दुप्पट मोठा झाला की तळाशी चौपट वेगाने बसतो, म्हणून ब्रश बुडवण्याआधी दरवेळी वाटी ढवळावी लागते. सोनेरी मुकुटावर ते पाणी सोडलं, वर राहिलेलं पुसून घेतलं, की नक्षीच्या तळाशी तांबूस सावली बसते. डोळ्यांची आखणी मात्र त्याच्यावर सोपवू नये. बुबुळ जिथे हवं तिथे खाच नसते.